बंदरातून न हललेलं जहाज

टाचण्याच्या गेममध्ये समुद्र होता, आणि समुद्र म्हणजे असा तसा नाही. साडेतीन वर्षं घातली होती त्यानं नुसत्या पाण्यावर. लाट जहाजाच्या नाकावर कशी फुटते, फुटल्यावर फेस किती वेळ राहतो, वादळ यायच्या आधी पाण्याचा रंग कसा मळकट होतो, सगळं. चाच्यांचा गेम होता. एक फाटकंतुटकं जहाज तुमच्या वाट्याला येतं. त्यावर माणसं घ्यायची, वारा बघून दुसऱ्याच्या जहाजाला कोंडीत पकडायचं, लुटायचं, बेटं ताब्यात घ्यायची, आणि आपलेच खलाशी बंड करायच्या आत त्यांना खूश ठेवायचं. डोकं लावायचा गेम. नुसतं ठो ठो नाही.

कोड सगळा टाचण्याचा, चित्रं सगळी पेंटरची. पेंटर हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. आणि ऑफिस म्हणजे मावशीच्या दुकानाची मागची खोली. मावशीचं कपडे आल्टर करायचं दुकान होतं. लांब पँट आखूड, घट्ट कोट सैल, गेलेली चेन नवीन. पुढं मावशीचं मशीन, मध्ये एका जुन्या चादरीचा पडदा, पडद्यामागं हे दोघं, दोन कॉम्प्युटर आणि चिंध्यांची पोती. टाचण्या हे नावसुद्धा मावशीनंच पाडलेलं. लहानपणी तो इतका बारीक होता की म्हणे उभा राहिला की फक्त डोकं दिसायचं.

आज चार वाजता कंपनीच्या बाई येणार होत्या.

ही कंपनी छोट्या लोकांचे गेम बाहेर काढायची. याआधी सात कंपन्यांना गेम पाठवून झाला होता. पाचांनी नाही म्हटलं, दोघांनी नाही म्हणायचेही कष्ट घेतले नाहीत. ही आठवी आणि शेवटची. शेवटची कारण पेंटरला वॉलपेपरच्या कारखान्यात नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि टाचण्याला एकट्याला साधं वर्तुळसुद्धा धड काढता येत नव्हतं. बाईंनी गेम घेतला तर पेंटर नोकरीला नाही म्हणणार. नाही घेतला तर साडेतीन वर्षांचा समुद्र फडताळात. एवढं सरळ होतं सगळं.

बाई चारला दहा कमी असतानाच आल्या. पन्नाशीच्या. सपाट बूट, खांद्याला कापडी पिशवी, हातात छोटी वही. बूट दारात काढून ठेवले, पडदा बाजूला करून आत आल्या आणि पोत्यावर बसल्या. खुर्ची होती, पण पोत्यावरच बसल्या.

टाचण्यानं घसा साफ केला. रात्रभर पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "आमच्या गेमचं वैशिष्ट्य म्हणजे यातलं पाणी—"

"ते राहू दे," बाई म्हणाल्या. "मी गेम बघत नाही."

"बघत नाही?"

"खेळणाऱ्याचे पाय बघते. तोंड खोटं बोलतं हो. छान आहे, मस्त आहे, सगळे म्हणतात. पण कंटाळा आला की माणूस पायानं चपला शोधायला लागतो. त्याचं त्याला पण कळत नाही." बाईंनी वही उघडली. "जन्मात कधी गेम न खेळलेला माणूस हवा असं कळवलं होतं मी. तो एक तास बसला, आपणहून उठला नाही, तर गेम आमचा. तुम्ही दोघांनी मागं उभं राहायचं. एक शब्द बोलायचा नाही. 'तिथं क्लिक कर', 'ते बघ', काही नाही. शब्द आला की मी निघाले."

"हूं सुद्धा नाही?" पेंटरनं विचारलं.

"हूं सुद्धा नाही."

माणूस तयार होता. पेंटरचा आतेभाऊ. झेरॉक्सच्या दुकानात कामाला. आईशप्पथ, देवाशप्पथ, सगळ्या शपथा घेऊन त्यानं सांगितलं होतं की गेम म्हणजे काय ते मला माहीतच नाही. येऊन बसला. स्टूल पुढं ओढलं. उजवा हात माऊसवर गेला. आणि डावा हात कीबोर्डवर असा अलगद जाऊन बसला की चार बोटं बरोब्बर चार अक्षरांवर. ज्या चार अक्षरांनी जगातले सगळे गेम पुढं-मागं चालतात, तीच चार. बघायची पण गरज पडली नाही गड्याला.

बाईंनी नुसतं त्या बोटांकडं बघितलं. मग आतेभावाकडं.

"किती वर्षं?"

आतेभावाचा चेहरा पडला. "सहावीपासून," तो म्हणाला. "पण घरी माहीत नाहीये."

"जा तू," पेंटर म्हणाला. "जा बाबा, झेरॉक्स काढ."

आतेभाऊ गेला. पडद्याच्या पलीकडं मशीन चालू होतं, खर्रर्र, थांबायचं, खर्रर्र. बाईंनी पडद्याची कड बोटानं बाजूला केली.

"त्या कोण?"

"मावशी आहे माझी."

"खेळल्यात कधी?"

"मावशी?" टाचण्याला हसू आलं. "मावशीला मोबाईलवर आलेला फोन उचलता येतो तेच खूप आहे."

"ऐकू येतं हां मला," पलीकडून मावशी म्हणाली.

मावशीच्या हातात राखाडी कोट होता. कुणाचा तरी इंटरव्ह्यू होता दुसऱ्या दिवशी, पाचला न्यायला येणार होता. पण काम होत आलं होतं. बाह्यांची बटणं लावली आणि इस्त्री फिरवली की झालं. टाचण्यानं हात जोडले, पेंटरनं पण जोडले.

"किती वेळ?" मावशीनं विचारलं.

"तासभर. तुला वाटलं तर. नाही वाटलं तर उठ." टाचण्या म्हणाला.

"मला काय जमणारे ते. बरं, बसते. पाय तरी मोकळे होतील." मावशीनं गळ्यातली मोजपट्टी काढली, टाचण्याच्या गळ्यात घातली आणि स्टूलवर येऊन बसली. सव्वाचार वाजले होते.

माऊस तिनं इस्त्रीसारखा धरला. वरून पंजा दाबून, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असा सरकवला की तो टेबलावरून खाली पडला. पेंटरनं डोळे मिटले. मावशीनं वायरला धरून वर ओढला, उलटा करून पोट बघितलं, परत ठेवला. दोन-तीन मिनिटांत मात्र तिला त्याची चाल कळली. शेवटी हाताचीच गोष्ट ती. तीस वर्षं कापड सरळ रेषेत सरकवणारा हात होता.

स्क्रीनवर बंदर आलं.

आता या बंदराचं सांगायला पाहिजे. समुद्राला साडेतीन वर्षं लागली, बंदर दोन दिवसांत उरकलं होतं. जहाज कुठून तरी निघायला हवं म्हणून फक्त. एक धक्का, एक म्हातारा शीड दुरुस्त करणारा, एक पिंपांचं गोदाम आणि नऊ खलाशी उभे. खाली उजव्या कोपऱ्यात मोठं पिवळं बटण, 'नांगर उचला', ते सारखं चमकत राहायचं. कुठलाही माणूस आला की ते बटण दाबणार, समुद्रात जाणार आणि लाटा बघून आ वासणार, असा टाचण्याचा हिशेब होता.

मावशीनं त्या बटणाकडं बघितलं. "हे का सारखं चमकतंय? काही बिघडलंय वाटतं. हात नको लावायला."

टाचण्यानं मोजपट्टीचं टोक दातात धरलं.

मावशी सरळ शिडाकडं गेली. पेंटरनं शिडाला अकरा भोकं काढली होती. गेमच्या दृष्टीनं त्यातली तीनच बुजवायची गरज होती. पण कुठली तीन हे कोडमध्ये वेगळं लिहायचा टाचण्याला कंटाळा आला होता, म्हणून अकराच्या अकरा बुजवता यायची. मावशीनं म्हाताऱ्याकडून कापडाचा तुकडा घेतला, भोकावर ठेवला, आणि तोंड वाकडं केलं.

"आडवं बसतंय. शिडाचं कापड उभं आणि ठिगळ आडवं? पहिल्या वाऱ्यात उसवणार हे." मग तिचं बोट चुकून माऊसच्या चाकावर पडलं आणि तुकडा फिरला. "हां! फिरतंय की."

टाचण्या आणि पेंटरनं एकमेकांकडं बघितलं. तुकडा फिरतो हे त्या दोघांनाही आठवत नव्हतं. कधीतरी कुठल्यातरी जुन्या कोडबरोबर फुकटात आलं असणार.

मावशीनं अकराही ठिगळं लावली. एकेक फिरवून, उभा धागा उभ्या धाग्याला जुळवून. मधल्या मोठ्या भोकाला दोन थर दिले. बारा मिनिटं गेली. टाचण्याला वाटत होतं ओरडावं, अगं मावशी, तीनच! समुद्र तिकडं आहे! लाटा आहेत! त्यानं मोजपट्टी आणखी आत कोंबली.

मग खलाशी. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारता यायचे. खेळणारे सहसा एकही विचारत नाहीत, ताकदीचा आकडा बघतात आणि घेतात. मावशीनं नवाच्या नवांना तिन्ही प्रश्न विचारले, आणि उत्तरं मोठ्यानं वाचली, वर त्यांना उत्तरं पण दिली.

"'मी तोफ डागण्यात पटाईत आहे.' बरं, पण काम काय येतं? 'मी तीन जहाजं बुडताना पाहिली.' मग तू नकोच रे बाबा, पायगुणच वाईट तुझा." पाचव्यापाशी ती थांबली. चेहरा स्क्रीनजवळ नेला. "ह्याच्या सदऱ्याची बटणं बायकांच्या बाजूला आहेत."

पेंटर एकदम खोकला. बाईंनी मान वर केली. पेंटरनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. झालं होतं असं की चित्रं काढायचा कंटाळा येऊन पेंटरनं दुसऱ्या खलाशाचं चित्र आरशातल्यासारखं उलटं करून पाचवा बनवला होता. डोक्यावरचा रुमाल बदलला, दाढी लावली, पण बटणांकडं कोण बघतंय? साडेतीन वर्षांत कुणी बघितलं नव्हतं.

मावशीनं त्याला तिन्ही प्रश्न विचारले. तो म्हणाला, मी एकटाच आहे कप्तान, ना घर ना दार.

"म्हणजे बायकोचा पण नाही हा सदरा. दोरीवरून उचललाय ह्यानं." मावशीनं जरा विचार केला. "घेते तुला. अंगानं बरा आहेस. पण कोठारापासून लांब राहायचं, कळलं?"

आणि तिनं खरंच त्याला कोठारापासून सगळ्यात लांब, पार डोलकाठीवर उभं केलं.

आता टाचण्याच्या मनात काहीतरी व्हायला लागलं होतं. भीती होतीच, पण तिच्या बाजूला गुदगुल्यासारखं पण काहीतरी. मावशी आता पिंपं लावत होती. जड पिंपं तळाला, हलकी वर, पाण्याची हाताशी येतील अशी. पिंपांच्या वजनाचा कोड टाचण्यानं लिहिला होता, वादळात जहाज किती कलतं ते त्यावरून ठरायचं. चार दिवस खपला होता त्यावर. आजवर कुणालाही ते कळलं नव्हतं. सगळे पिंपं कशीही फेकायचे आणि वादळात बुडले की गेमला शिव्या द्यायचे. मावशीला कुणी सांगितलं होतं जड खाली ठेव म्हणून?

त्यानं हळूच बाईंच्या नजरेचा माग काढला. बाई मावशीचे पाय बघत होत्या. मावशीचा डावा पाय स्थिर होता. उजवा मात्र वर-खाली, वर-खाली चालला होता. पंजा दाबून, टाच उचलून. मशीनचं पायडल मारावं तसा. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. चांगलं की वाईट, टाचण्याला काही कळेना. चपला शोधणं हे नक्कीच नव्हतं. पण बंदरातून जहाज हललं नव्हतं एक इंचही, तेही खरं होतं.

पेंटरनं हाताची बोटं दाखवली. चाळीस मिनिटं झाली. मग पंचेचाळीस. पंधरा राहिली. पंधराच.

दुकानाच्या पुढून आवाज आला. "आहे का कुणी? कोट न्यायचा होता."

मावशीनं स्क्रीनवरून नजर न काढता हाक दिली, "थांबा हो जरा! माणसं जेवायला बसवतेय!"

मागच्या खोलीत तिघंही दचकले. गिऱ्हाईकाला थांबा म्हणणारी मावशी टाचण्यानं आयुष्यात पाहिली नव्हती. पण पुढचा माणूस घाईत होता. "बस आहे हो माझी, सव्वापाचची!"

आणि मावशी उठली.

आता जे झालं ते तीस वर्षांच्या सवयीनं झालं. मावशी मशीनवरून उठली की तिचा हात आधी भिंतीवरच्या बटणाकडं जायचा. गिऱ्हाईकाशी बोलताना चुकून पायडलवर पाय पडला तर सुई बोटात जाते, म्हणून मशीन बंद केल्याशिवाय ती कधीच उठत नसे. एकदा बोटात सुई गेली होती, तेव्हापासून एकदाही चुकली नव्हती. आत्ताही तिचा हात गेला. मागच्या खोलीच्या भिंतीवर पण बटण तिथंच होतं, त्याच उंचीवर.

टक.

स्क्रीन काळी झाली. मावशी पडदा सारून पुढं निघून गेली, तिला कळलंसुद्धा नाही.

"गेलं," पेंटर म्हणाला.

"चालू कर, चालू कर," टाचण्या म्हणाला. तोंडातून मोजपट्टी काढायचं भान पण राहिलं नव्हतं त्याला. कॉम्प्युटर सुरू होईपर्यंतचं ते दीड मिनिट त्याला दीड दिवसाएवढं गेलं. गेम उघडला. बंदर आलं. शिडाला अकरा भोकं. पिंपं धक्क्यावर अस्ताव्यस्त. नऊ खलाशी ओळीत उभे.

टाचण्याला लगेच कळलं काय झालं ते. जहाजानं बंदर सोडलं की गेम आपोआप सेव्ह व्हायचा. त्याच्या आधी नाही. कारण टाचण्या आणि पेंटर स्वतः बंदरात कधी चाळीस सेकंदांच्या वर थांबलेच नव्हते. चाळीस सेकंदांत सेव्ह करण्यासारखं असतंय काय?

"सत्तेचाळीस मिनिटं," बाई म्हणाल्या. त्यांनी वही मिटली, पिशवीत टाकली. आवाजात राग नव्हता, खरं तर जरा वाईटच वाटत होतं त्यांना. "आणि आपणहून उठल्या. काय करणार."

"गिऱ्हाईक आलं म्हणून," पेंटर म्हणाला. "कंटाळून नाही उठली! पाय बघितलेत ना तुम्ही?"

"सगळ्यांनाच काही ना काही येतं हो. कुणाला फोन येतो, कुणाला गिऱ्हाईक." बाई पोत्यावरून उठल्या. "समुद्रावर नेलंच नाही तुमच्या गेमनं त्यांना. मला तर समुद्र आहे की नाही तेही माहीत नाही."

पुढून इस्त्रीची वाफ फुस्स करत होती. मावशीची बटणं लावून झाली होती, ती गिऱ्हाईकाला सांगत होती, "उद्या बसताना मधलं बटण सोडायचं, म्हणजे खांदे वर येत नाहीत. आणि घाबरायचं नाही. कोट चांगला बसलाय." मग दार वाजलं. गिऱ्हाईक गेलं.

मावशी पडदा तसाच उघडा ठेवून हात पुसत आत आली. बाई दारात एक बूट घालून दुसऱ्यासाठी वाकल्या होत्या.

"निघालात? बरं." मावशी स्टूलवर बसली. स्क्रीनकडं बघितलं. चष्मा वर सरकवला, परत खाली केला. "टाचण्या, माझी माणसं कुठायत?"

टाचण्यानं तोंड उघडलं. एक सोपं उत्तर होतं. तू बटण बंद केलंस. खोटं पण नव्हतं ते. बाई अजून दारात होत्या, ऐकत होत्या. पेंटरनं तर डोळ्यांनी खूण पण केली, सांग की.

"गेली," टाचण्या म्हणाला. "सगळं गेलं मावशी. माझी चूक. जहाज बंदरातून निघाल्याशिवाय काहीच जपून ठेवायचं नाही असं मीच लिहून ठेवलंय. कुणी बंदरात एवढा वेळ थांबेल असं मला वाटलंच नव्हतं."

"ठिगळं?"

"गेली."

"पिंपं?"

"ती पण."

मावशीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "साडेतीन वर्षं! साडेतीन वर्षं ह्या पडद्यामागं बसून, दिवे जाळून, माझ्या चिंध्यांवर झोपून तू हे केलंस? अरे, निघायच्या आधी माणूस किती काय काय करतो! तुझी आई गावाला जायची तर आधीचे दोन दिवस तिची बांधाबांध चालायची. तू काय, असाच उठून चालू लागतोस? शीड फाटलेलं, माणसांची ओळख नाही, पिंपं कशीही, आणि निघाला समुद्रात! आणि तू रे," ती पेंटरकडं वळली, "त्या माणसाला स्वतःचा एक सदरा देता आला नाही तुला?"

"उद्याच देतो," पेंटर म्हणाला.

"उद्या नाही, आज दे." मावशीनं स्टूल पुढं ओढलं. माऊस हातात घेतला. "सरक. उजेड अडवतोयस."

"मावशी, आता राहू दे. झालं ते."

"काय झालं? काही झालं नाही. एवढं सगळं केलेलं, ते काय असंच सोडू?" तिनं म्हाताऱ्याकडून पहिला तुकडा घेतला, चाकानं फिरवला, भोकावर बसवला. या वेळी चार सेकंद लागले. "आता कळलंय मला सगळं. मधल्याला आधी दोन थर. आणि तो पाचवा... त्याला ह्या वेळी डोलकाठीवर नको. वर वारा फार असणार, बिचाऱ्याला सदरा पण धड नाही. त्याला चुलीजवळ ठेवते."

बाई दारात उभ्याच होत्या. एक बूट पायात, एक हातात. घड्याळ बघितलं त्यांनी, मग परत मावशीकडं बघितलं. मग बूट खाली ठेवला, पायातला पण काढला, आत आल्या आणि पोत्यावर बसल्या.

"दुकान किती वाजता बंद करता?" त्यांनी विचारलं.

"सातला," मावशी म्हणाली. "तुम्हाला काही आल्टर करायचंय?"

"नाही. बसते."

पेंटरनं गुपचूप आपला कॉम्प्युटर उघडला आणि पाचव्या खलाशासाठी नवा सदरा काढायला घेतला. टाचण्या जमिनीवर मांडी घालून बसला, जुना लॅपटॉप मांडीवर घेतला आणि बंदरातल्या प्रत्येक कामानंतर सेव्ह करायचा कोड लिहायला लागला. घाईत दोनदा चुकला. मावशी मधून मधून खलाशांना दम देत होती.

सहा वाजून गेले तेव्हा बाई हळू आवाजात, फक्त टाचण्याला ऐकू जाईल असं बोलल्या. "तासभर बसणारी माणसं मला मिळतात. पण सगळं गेल्यावर परत पहिल्यापासून करायला बसलेलं मी आजवर कुणाला बघितलं नाही. मी पण बसत नाही. गेम घेतला आम्ही."

टाचण्यानं वर बघितलं. त्याला वाटलं आपण काहीतरी मोठं बोलावं. तोंडातून निघालं, "खरंच?"

"खरंच. पण बंदर नीट करायचं. नुसतं ऐकूनच दोन दिवसांचं काम वाटतंय ते. मला मोठं बंदर पाहिजे. गल्ल्या, दुकानं, माणसं. आणि त्यातलं सगळं आधी ह्यांना दाखवायचं," त्यांनी मावशीकडं बोट केलं, "मगच मला."

"आणि समुद्र?"

"समुद्र आहे का खरंच?"

पेंटरनं फोन काढला, वॉलपेपरच्या कारखान्याला मेसेज लिहिला, पुसला, परत लिहिला आणि पाठवून टाकला. मग फोन पालथा घालून ठेवला, जणू तो चावणार होता.

पावणेसातला मावशीचं काम संपलं. अकरा ठिगळं, सहा माणसं, पिंपं जागच्या जागी, सगळ्यांची जेवणं. धक्क्यावरचा झेंडा आत्तापर्यंत जमिनीकडं फडकत होता, तो आता समुद्राकडं वळला. "हां, आता वारा आपला आहे," मावशी म्हणाली, आणि कोपऱ्यातलं पिवळं बटण तिनं स्वतःहून, कुणी न सांगता दाबलं.

नांगर वर आला. जहाज धक्क्यापासून सुटलं, बंदराच्या भिंतीबाहेर आलं, आणि समुद्र उघडला. संध्याकाळचा समुद्र होता. पहिली लाट जहाजाच्या नाकावर फुटली, फेस उडाला, हळूहळू विरला. शीड फुगलं, अकराही ठिगळं ताणली गेली आणि एकही उसवलं नाही. बाईसुद्धा पोत्यावरून उठून मागं येऊन उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच स्क्रीनकडं बघत होत्या त्या.

मावशी स्क्रीनकडं वाकली.

"पाणी छान केलंयस रे," ती म्हणाली. "खरंच छान केलंयस. अगदी खरं वाटतंय."

साडेतीन वर्षांत हे वाक्य टाचण्यानं कितीतरी वेळा मनात ऐकलं होतं, पण प्रत्येक वेळी कुणीतरी मोठा माणूस बोलायचा ते.

"चल," मावशी म्हणाली, "आता परत कसं वळायचं ते सांग. गोदामाचं दार उघडं राहिलंय, आणि तो म्हातारा एकटाच आहे तिथं."

टाचण्यानं पेंटरकडं बघितलं. पेंटरनं छताकडं बघितलं. परत यायचं कुणी लिहिलंच नव्हतं. जहाज एकदा निघालं की पहिलं बंदर नकाशातून पुसलं जायचं.

"मावशी," टाचण्या लॅपटॉप मांडीवर ओढत म्हणाला, "अर्धा तास थांब."

"थांबते की," मावशी म्हणाली. तिनं शीड उतरवलं, जहाज तिथंच पाण्यावर उभं केलं, आणि तोवर पाचव्याला सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितलं.